पेनिसिलीनची भीती : रास्त किती, फुकाची किती

रुग्णालयात भरती होताना केसपेपरवर औषधाच्या अ‍ॅलर्जीसाठी एक चौकट असते. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी पाहिल्या तर साधारण दहांतल्या एका रुग्णाच्या चौकटीत ‘पेनिसिलीन’ लिहिलेले सापडते. या माणसांची पुढे नीट तपासणी केली, तर त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना तेच औषध बिनधोक चालते असे दिसून आले आहे. कुणाला लहानपणी जुलाब झाले होते, कुणाच्या अंगावर गोवरासारखे पुरळ आले होते, कुणाला ‘आईला चालत नाही म्हणून’ डॉक्टरांनी दिले नव्हते. चौकट मात्र एकदा भरली की जन्मभर तशीच राहते.

आपल्याकडे चित्र निराळे आहे, पण बरे नाही. इथे पुष्कळांची ती चौकट रिकामीच असते, कारण कुणी विचारतच नाही. घसा दुखला की केमिस्टच्या काउंटरवरून ‘सहाशे पंचवीस’ची स्ट्रिप घेतली जाते आणि तीन गोळ्यांनंतर उरलेली कपाटात जाते. दुसरीकडे, ज्या रुग्णाला पेनिसिलीनचे इंजेक्शन खरोखर हवे असते, त्याला ते द्यायला डॉक्टर कचरतात. म्हणजे इंजेक्शनची धास्ती अवाजवी आणि गोळीचा धाक अजिबात नाही. औषध मात्र एकाच घराण्यातले आहे.

या घराण्यात मूळचे बेंझिल पेनिसिलीन आहे, स्नायूत देऊन आठवडेच्या आठवडे झिरपत राहणारे बेंझाथिन पेनिसिलीन आहे, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन, क्लॉक्सासिलीन, पिपरासिलीन आहेत. अमॉक्सिसिलीनला क्लॅव्हुलॅनिक आम्लाची जोड दिली की ती ‘सहाशे पंचवीस’ होते : ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलीन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनेट. अनेक रुग्णांना आपण पेनिसिलीन घेत आहोत याची कल्पनाच नसते, कारण पाकिटावरच्या ब्रँडच्या नावात तो शब्द नसतो. ‘मला पेनिसिलीन चालत नाही’ असे सांगणारा माणूस त्याच संध्याकाळी अमॉक्सिसिलीनची कॅप्सूल गिळतो, असे घडू शकते. म्हणून पहिली खबरदारी अगदी साधी आहे. ब्रँडखाली बारीक अक्षरात छापलेले मूळ औषधाचे नाव वाचावे, आणि वाचता येत नसेल तर विचारावे.

महाराष्ट्राचा या औषधाशी संबंध जुना आहे. देशातला पहिला सरकारी प्रतिजैविक कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली पिंपरीत उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. पेनिसिलीन आयात करावे लागत होते तेव्हाची ती गोष्ट. आज ते इतके स्वस्त आणि मुबलक झाले आहे की त्याची गोळी घेताना कुणी दोनदा विचार करत नाही.

मुळात हे औषध इतके सुरक्षित का? पेनिसिलीन जिवाणूच्या पेशीभित्तिकेचे बांधकाम मोडते. माणसाच्या पेशीला तशी भित्तिकाच नाही. त्यामुळे औषधाचा मूळ वार आपल्याला लागत नाही. उपद्रव होतो तो तीन वाटांनी : आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा औषधाला शत्रू समजते, आणि क्वचित यकृत किंवा मूत्रपिंड दुखावते.

पहिली वाट सर्वांत सामान्य. पोट बिघडणे, मळमळ, पातळ शौचास होणे हे अमॉक्सिसिलीनने होते आणि क्लॅव्हुलॅनेटच्या जोडीने जास्त होते. जोडगोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतली तर पोटाला त्रास कमी होतो. ६२५ ची गोळी मिळाली नाही म्हणून ३७५ च्या दोन घेणे हा चुकीचा हिशेब आहे. त्यात अमॉक्सिसिलीन तेवढेच राहते, पण क्लॅव्हुलॅनेट दुप्पट जाते आणि जुलाब त्यानेच होतात.

लहान मुलांच्या ड्राय सिरपमध्ये याहून मोठी गफलत होते. एकाच औषधाच्या बाटलीवर कुठे २२८.५ लिहिलेले असते, कुठे ४५७. दोन्हींत पाच मिलिलिटरमागे औषध बरोबर दुप्पट फरकाने असते. मागच्या वेळी अर्धा चमचा दिला होता म्हणून या वेळीही अर्धाच, असे करून चालत नाही. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालायचे, दर वेळी हलवायचे, जोडऔषध असेल तर फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सात दिवसांनी उरलेले टाकून द्यायचे. माप सोबत दिलेल्या टोपीने किंवा सिरिंजनेच घ्यावे. घरातले चमचे एका मापाचे नसतात.

साधे जुलाब झाले तर मीठ-साखरपाणी किंवा ओआरएस पुरते आणि औषध बहुधा चालू ठेवता येते. पण दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब, पोटात मुरडा, ताप किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या जिवाणूचा संसर्ग असू शकतो. औषध संपल्यावर दोन महिन्यांपर्यंतही तो डोके वर काढतो. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेणे धोक्याचे आहे. जिभेवर पांढरा थर साचणे, स्त्रियांना खाज सुटून पांढरे जाणे हे बुरशीमुळे होते. त्रासदायक खरे, पण सहज बरे होणारे. त्याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत.

आता पुरळ. सगळा घोळ इथेच आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

पेनिसिलीनचा रेणू लहान असतो. एकट्याने तो प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत भरत नाही. शरीरातल्या प्रथिनाला चिकटला की मग त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. आयजीई जातीची प्रतिपिंडे झाली असतील, तर पुढच्या वेळी औषध पोचताच काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत प्रतिक्रिया येते : अंगावर लालसर खाजऱ्या गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, घसा आवळतो. ही खरी, तातडीची अ‍ॅलर्जी. याउलट चौथ्या-पाचव्या दिवशी छातीपाठीवर उमटणारे, गोवरासारखे सपाट, फारशी खाज नसलेले पुरळ वेगळ्या यंत्रणेने येते आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. मुलांमध्ये तर ते पुष्कळदा ज्या विषाणूमुळे ताप आला त्याचेच असते. औषधाची त्यात गरजही नव्हती आणि त्याचा दोषही नव्हता. मॉन्ट्रियलच्या बालरुग्णालयात अमॉक्सिसिलीनमुळे पुरळ आल्याचा संशय असलेल्या ८१८ मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तेच औषध पुन्हा दिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९४ टक्के मुलांना काहीही झाले नाही. एपस्टाइन-बार विषाणूच्या तापात अमॉक्सिसिलीन दिले की अंगभर पुरळ येते, हेही डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तीही कायमची अ‍ॅलर्जी नव्हे.

तेव्हा ‘पुरळ आले होते’ एवढी माहिती जवळजवळ निरुपयोगी आहे. कोणत्या औषधाने, कितव्या डोसनंतर, किती वेळाने, दिसायला कसे, कशाने गेले, हे सारे हवे. आज मोबाइलवर त्या पुरळाचा फोटो काढून ठेवणे ही कोणत्याही रक्ततपासणीपेक्षा उपयोगी नोंद ठरते.

उशिरा येणाऱ्या सगळ्याच प्रतिक्रिया सौम्य नसतात, हे मात्र ठासून सांगायला हवे. कातडी सोलवटणे, फोड येणे, तोंडात-डोळ्यांत-जननेंद्रियावर जखमा होणे, तापासह चेहरा सुजणे आणि गाठी येणे, आठवड्या-दीड आठवड्याने ताप आणि सांधेदुखीसह पुरळ येणे, ही लक्षणे दिसली की औषध थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यांतल्या पहिल्या चार प्रकारांत ते औषध आयुष्यात पुन्हा घ्यायचे नसते, चाचणी म्हणूनसुद्धा नाही.

तातडीच्या प्रतिक्रियेचे सर्वांत उग्र रूप म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस. पेनिसिलीनमुळे असा मृत्यू झाल्याची पहिली वैद्यकीय नोंद १९४९ मधली. तेव्हापासून या औषधाभोवती जी सावली पडली ती अजून हटलेली नाही. प्रत्यक्षात प्रमाण किती? दहा हजार रुग्णांत एक ते पाच, असा सर्वमान्य अंदाज आहे. गोळीने ते इंजेक्शनपेक्षा कमी होते, पण होत नाही असे नाही.

यावरचे औषध एकच : अ‍ॅड्रेनालीन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत आणि लगेच. रुग्णाला आडवे करून पाय वर ठेवायचे. धाप लागली असेल तर बसते ठेवायचे, पण उभे करून चालवत न्यायचे नाही. आपल्या दवाखान्यांत रिअ‍ॅक्शन आली की हात आधी एव्हिल या खाजविरोधी आणि डेक्सा या स्टेरॉइड इंजेक्शनाकडे जातो. ती खाज कमी करतात. बंद होत चाललेली श्वासनलिका आणि कोसळणारा रक्तदाब सावरणे हे त्यांचे काम नव्हे. इंजेक्शन घेणाऱ्याने ‘टेस्ट डोस दिला का’ असे विचारण्यापेक्षा ‘अ‍ॅड्रेनालीन इथे आहे का’ असे विचारावे, हे माझे स्पष्ट मत आहे. आणि सुई घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. बस चुकली तरी चालेल.

टेस्ट डोसवर आपली श्रद्धा फार. कातडीत थोडेसे औषध टोचायचे, वीस मिनिटे पाहायचे, फुगवटा आला नाही तर पुढे जायचे. शास्त्रीय त्वचाचाचणीला पेनिसिलीनचे विघटित अंश असलेली प्रमाणित द्रव्ये लागतात. ती आपल्याकडे सहसा मिळत नाहीत. नुसते औषध पाण्यात मिसळून टोचले, तर कातडीच्या जळजळीला अ‍ॅलर्जी समजून गरजूला औषध नाकारले जाते. आणि चाचणी कोरी आली की सगळेच निर्धास्त होतात, तेही चूक. ही चाचणी अ‍ॅड्रेनालीनची जागा घेऊ शकत नाही.

या सगळ्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो ऱ्हुमॅटिक फीव्हरच्या रुग्णांना. लहानपणी घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गातून हा आजार होतो आणि हृदयाच्या झडपा खराब करतो. पुन्हा पुन्हा हल्ला होऊ नये म्हणून पेनिड्युअर या नावाने ओळखले जाणारे बेंझाथिन पेनिसिलीन दर तीन आठवड्यांनी कमरेत घ्यावे लागते, मोठ्यांना बारा लाख युनिट, आणि तेही वर्षानुवर्षे. गावातला डॉक्टर ‘रिस्क नको’ म्हणतो, इंजेक्शन दुखते, शाळा बुडते, आणि हप्ते चुकत जातात. खरी जोखीम काय आहे हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने मोजले होते : १,७९० रुग्ण, ३२,४३० इंजेक्शने, अ‍ॅनाफिलॅक्सिस चौघांना, मृत्यू एक. म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस दहा हजार इंजेक्शनांमागे एकाहून जरा जास्त. झडप निकामी होण्याची जोखीम याच्या कितीतरी पट.

इथे एक नवी आणि महत्त्वाची दुरुस्ती आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये लक्ष वेधले की, इंजेक्शननंतर लगेच दगावलेले पुष्कळ रुग्ण आधीच झडपेच्या गंभीर आजाराने, धाप लागण्याच्या अवस्थेत होते. तिथे बहुधा अ‍ॅलर्जी नव्हतीच. वेदना आणि भीतीने नाडी व रक्तदाब एकदम उतरला आणि दुबळ्या हृदयाला तो धक्का पेलला नाही. अशा गंभीर रुग्णांना इंजेक्शनाऐवजी गोळ्या देण्याचा विचार करावा, आणि इतरांना उपाशीपोटी न देता, पाणी पाजून, आडवे झोपवून सुई द्यावी, असा तो सल्ला आहे. आपल्याकडच्या प्रत्येक ‘पेनिसिलीन रिअ‍ॅक्शन’च्या बातमीकडे या नजरेने पुन्हा पाहायला हवे. बेंझाथिन शिरेत कधीही जाता कामा नये, ही खबरदारी तर देणाऱ्याच्या हातची आहे.

चुकीच्या शिक्क्याची किंमतही मोजली गेली आहे. ब्रिटनमधल्या नोंदींवर आधारित २०१८ च्या एका अभ्यासात, पेनिसिलीन अ‍ॅलर्जीचा शिक्का असलेल्यांमध्ये एमआरएसए या चिवट जिवाणूचा धोका ६९ टक्क्यांनी आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसीलचा २६ टक्क्यांनी जास्त दिसला. कारण उघड आहे. साधे, नेमके औषध बाद झाले की डॉक्टर अधिक व्यापक, अधिक महाग प्रतिजैविकाकडे वळतात. गरोदरपणातल्या सिफिलिससारख्या आजारात तर पेनिसिलीनला मान्य पर्यायच नाही. अ‍ॅलर्जी खरी असली तरी रुग्णालयात अगदी सूक्ष्म मात्रेपासून वाढवत नेऊन तेच द्यावे लागते.

शिक्का पुसता येतो का? बहुतेकांचा येतो. खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकीही सुमारे ८० टक्क्यांची दहा वर्षांत ओसरते. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०२० साली तीन प्रश्नांची एक सोपी गुणपद्धत मांडली : प्रतिक्रिया पाच वर्षांच्या आतली का, ती अ‍ॅनाफिलॅक्सिस, सूज किंवा कातडीची गंभीर प्रतिक्रिया होती का, उपचार लागले का. गुण कमी असतील तर त्वचाचाचणी वगळून देखरेखीखाली थेट एक तोंडी डोस देता येतो. २०२३ च्या एका चाचणीत ही थेट पद्धत त्वचाचाचणीइतकीच सुरक्षित ठरली. दोन्ही गटांत प्रत्येकी एकाच रुग्णाला प्रतिक्रिया आली. हे घरी करून पाहायचे नसते, एवढे सांगायलाच हवे. सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकांच्या शेजारच्या गटाशी दहा टक्के साटेलोटे असल्याचे जुन्या पुस्तकांत लिहिलेले असे. आता तो आकडा दोनच्या आसपास धरतात, आणि तोही सरसकट नव्हे. अमॉक्सिसिलीनशी ज्यांची बाजूची साखळी जुळते, उदाहरणार्थ सेफाड्रॉक्सिल, त्यांच्यापुरती सावधगिरी. पावावरच्या बुरशीचा त्रास असणाऱ्याला पेनिसिलीन चालत नाही, हा समज निराधार आहे. आईवडिलांची अ‍ॅलर्जीही मुलाच्या चौकटीत लिहायची नसते.

उरलेल्या दोन अवयवांबद्दल थोडे. पेनिसिलीन मूत्रपिंडावाटे इतक्या झपाट्याने बाहेर जाते की १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्या रुग्णाच्या, एका पोलीस शिपायाच्या, लघवीतून ते गाळून काढून पुन्हा त्यालाच टोचावे लागले होते. तरीही साठा संपला आणि तो वाचला नाही. अमॉक्सिसिलीनही तासाभरात निम्मे उतरते, म्हणून आठ-आठ तासांचे अंतर पाळायचे. मूत्रपिंड मंद असेल तर औषध साचते आणि मोठ्या मात्रेत झटकेही येऊ शकतात. क्रिएटिनिन वाढलेल्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत पेनिसिलीन त्या औषधाचा निचरा अडवते, हे विशेष धोक्याचे. रक्त पातळ करणारी वॉरफरीन किंवा एसिनोकुमारॉल चालू असेल तर रक्त गोठण्याचे माप, म्हणजे आयएनआर, लवकर तपासून घ्यावा. युरिक आम्लासाठीच्या अ‍ॅलोप्युरिनॉलबरोबर अमॉक्सिसिलीन घेतले तर पुरळाचे प्रमाण वाढते. गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात ही भीती जवळपास निराधार आहे. मात्र उलट्या-जुलाब झाले तर वेगळी काळजी घ्यावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी हा गट सर्वांत भरवशाच्या प्रतिजैविकांपैकी आहे. दारूबद्दलचा कडक इशारा मेट्रोनिडॅझोलचा आहे, पेनिसिलीनचा नाही. आजारपणात पिऊ नये, हे वेगळे.

यकृताचा त्रास बहुतांशी क्लॅव्हुलॅनेटच्या जोडीचा : पासष्टीपुढचे पुरुष आणि दोन आठवड्यांहून लांब उपचार यांत तो जास्त. कावीळ, गडद लघवी, अंगाला खाज ही लक्षणे औषध संपून काही आठवडे झाल्यावरही दिसू शकतात, त्यामुळे दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. कावीळ झालेल्याने गेल्या दोन महिन्यांतली प्रतिजैविके आठवून सांगावीत.

कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक फसवी प्रतिक्रिया दिसू शकते. लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णाला पेनिसिलीन सुरू केल्यावर काही तासांत हुडहुडी भरून ताप चढतो, रक्तदाब उतरतो. मरणाऱ्या जिवाणूंतून सुटलेल्या द्रव्यांचा तो परिणाम असतो, अ‍ॅलर्जी नव्हे. सिफिलिसच्या उपचारातही असेच होते. लक्ष ठेवावे लागते, पण औषध सोडायचे नसते.

आणि सर्वांत मोठी खबरदारी औषध सुरू होण्याआधीची आहे. सर्दी-पडसे, फ्लू, बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते आणि तिथे पेनिसिलीनचा फायदा शून्य, जोखीम मात्र पूर्ण. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचे नाही, याची खूण. ती काउंटरवर कुणी पाळत नाही, हे खरेच. निदान आपल्या घरापुरती तरी पाळता येते. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी ठेवू नयेत, आणि डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले असतील तर स्वतःच्या मनाने ना तीन करावेत ना दहा.

औषधाने काही विपरीत झालेच, तर त्याची नोंद रुग्णाला स्वतःही करता येते. केंद्र सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.